नेफ्रोस्टोमी : शरीररचनेतील भिन्नता व इजेपासून बचाव

खडा, गाठ किंवा आकुंचन यांमुळे मूत्रवाहिनी तुंबली, की लघवी मागे साचून मूत्रपिंड फुगते. अशा वेळी पाठीतून मूत्रपिंडाच्या पोकळीत नळी घालून लघवी बाहेरच्या पिशवीत उतरवतात. या प्रक्रियेला नेफ्रोस्टोमी म्हणतात. विलर्ड गुडविन व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये सुईने केलेल्या नेफ्रोस्टोमीचे वर्णन प्रसिद्ध केले. मुतखड्याप्रमाणेच गर्भाशयमुखाचा वाढलेला कर्करोगही मूत्रवाहिन्या दाबतो. त्या रुग्णांनाही ही नळी घालावी लागते.

शेजारचे अवयव : उजव्या मूत्रपिंडावर यकृत, डाव्याजवळ प्लीहा, बाजूला मोठे आतडे आणि वर फुप्फुसाचे आवरण असते. बाराव्या बरगडीच्या वरून सुई घातल्यास छातीत हवा किंवा पाणी साचण्याचा धोका वाढतो, अकराव्या बरगडीच्या वरून तो आणखी वाढतो. म्हणून शक्यतो बरगड्यांच्या खालून, खालच्या भागातील मागे वळलेल्या कॅलिक्सच्या (लघवी गोळा करणाऱ्या पेल्यासारख्या कप्प्याच्या) टोकातून प्रवेश करतात. तिथे मूत्रपिंडाच्या पुढच्या व मागच्या रक्तवाहिन्यांमधला कमी रक्ताचा पट्टा लाभतो. सुई थेट मूत्रद्रोणीत (मूत्रपिंडाच्या मुख्य पोकळीत) घुसवल्यास मोठी रक्तवाहिनी फाटू शकते.

भिन्नता : काहींचे मोठे आतडे मूत्रपिंडाच्या मागे सरकलेले असते. सीटीवर आधारित एका अभ्यासात उताणे झोपवले असता हे प्रमाण सुमारे २ टक्के, तर पालथे झोपवल्यावर सुमारे १० टक्के आढळले. म्हणजे उताण्या स्थितीतला सीटी निर्धास्त करणारा असला, तरी पालथे केल्यावर तो पुरेसा ठरेलच असे नाही. सुमारे ४००-५०० जणांमागे एकात दोन्ही मूत्रपिंडे खालच्या टोकांशी जोडलेली, नालाच्या आकाराची असतात. त्यांत कॅलिक्स मागे व मध्याकडे वळलेले असल्याने सुईची वाट मणक्याच्या अधिक जवळून आखावी लागते. मूत्रपिंड ओटीपोटातच राहिले असेल, तर पुढे आतडी व मागे हाडे आडवी येतात.

दक्षता : सुई घालण्यापूर्वी रक्त गोठण्याची तपासणी करतात. नंतर सोनोग्राफीवर सुईच्या मार्गात आतडे, यकृत किंवा प्लीहा नाही याची खात्री करून घेतात. तुंबलेल्या मूत्रपिंडात जंतुसंसर्ग झाला असेल, तर निचरा लांबवता येत नाही, पण रक्त गोठणे व सुईचा मार्ग तपासणे तेव्हाही टाळू नये. पिशवीत विष्ठा किंवा वायू दिसल्यास आतड्याला भोक पडल्याचा संशय घ्यावा. उदरपोकळीबाहेरच्या अशा छिद्रात अनेकदा नळी आतड्यात मागे ओढून ठेवतात आणि मूत्रवाहिनीत स्टेंट घालतात, त्यामुळे मोठी शस्त्रक्रिया टळते.

रुग्णाला या प्रक्रियेसाठी रुग्णालयात नेताना सीटीची फिल्म, जुन्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावे सोबत न्यावीत. नळी बसल्यानंतर थंडी वाजून ताप आला, धाप लागली किंवा पिशवीत लाल रक्त उतरू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.