स्वतः गाडी बांधताना उमेद कशी टिकवायची?

भंगारातून जमवलेल्या सुट्या भागांतून नवी गाडी बांधणे किंवा जुनी जीप पूर्ण खोलून पुन्हा उभी करणे, हे छंद म्हणून सुरू होणारे आणि बहुतेक वेळा वर्षानुवर्षे रेंगाळणारे काम आहे. मुदखेडसारख्या गावात ते आणखी लांबते. एक बेअरिंग किंवा क्लच प्लेट हवी असली तरी नांदेड गाठावे लागते, तिथे नसली तर माल मागवावा लागतो, आणि लेथवाल्याचा 'परवा या' हा वायदा कोणत्या परवाचा ते शेवटपर्यंत कळत नाही. पैशाअभावी जेवढ्या गाड्या अर्धवट राहतात, तेवढ्याच कंटाळ्यामुळेही राहत असाव्यात.

मधलाच टप्पा जड का जातो?

सुरुवातीला चॅसी कापली, चाके बसवली की रोज काहीतरी नवे दिसते. शेवटी रंग चढतो तेव्हाही तसेच. मधली वायरिंग, ब्रेकचे पाइप, गिअरची जोडणी मात्र अशी असते की आठवडाभर खपूनही पाहणाऱ्याला गाडी तशीच दिसते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये मांडले होते की, भूलभुलैयातला उंदीर खाद्य जवळ येऊ लागले की वेग वाढवतो. उद्दिष्ट नजरेच्या टप्प्यात आले की माणसाचाही जोर वाढतो. गाडीच्या मधल्या टप्प्यात सुरुवातीचे नवेपण ओसरलेले असते आणि शेवट अजून दिसत नसतो.

त्यात अंदाज चुकतो. डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला नाव दिले, ते मराठीत 'नियोजनभ्रम' असे सांगता येईल. आपण सगळे सुरळीत गेले तर किती दिवस लागतील ते मोजतो. गंजलेला बोल्ट तुटून आतच राहिला तर काय, हे हिशेबात धरत नाही. सहा महिन्यांचे काम दीड वर्ष चालले की माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो. खरे तर चुकलेला असतो तो सुरुवातीचा आकडा.

'मीरा'ची तीस वर्षे

याचे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे उदाहरण इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. जेमतेम सातवीपर्यंत शिकलेल्या या गृहस्थांनी १९४५ च्या सुमारास सामान्य माणसाला परवडेल अशी छोटी मोटार बनवायला घेतली. पहिली गाडी १९४९ मध्ये तयार झाली. पुढे १९५१, १९६० आणि १९७० मध्ये सुधारित नमुने आले. इंजिन मागे, हवेने थंड होणारे. धक्के शोषायला रबराचा वापर. १९७५ पर्यंत 'मीरा' सुमारे १२ हजार रुपयांत देता येईल असा त्यांचा हिशेब होता.

तीस वर्षे उमेद टिकली कशी, हे त्यांच्या मनात शिरून सांगता येणार नाही. पण कामाची पद्धत बोलकी आहे. ते एकच परिपूर्ण गाडी करत बसले नाहीत. दर टप्प्यावर एक नमुना पुरा केला आणि त्यातले उणे पुढच्यात भरून काढले. गॅरेजमधल्या सुट्या भागांच्या ढिगापेक्षा रस्त्यावर धावणारी ओबडधोबड गाडी माणसाला जास्त धीर देते.

'मीरा'चे व्यापारी उत्पादन मात्र कधी झाले नाही. तो परवाना राजचा काळ होता, आणि सरकारी परवानगी व करांच्या अडचणीत ती अडकली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली. जिद्द कमी पडली म्हणून हे झाले नाही. अडचण गॅरेजच्या बाहेरची होती. हा फरक ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण बाहेरच्या अडचणीवर जास्त तास राबणे हा उपाय नसतो.

रोजच्या कामात काय उपयोगी पडते?

तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी २३८ नोकरदारांच्या सुमारे १२ हजार दैनंदिन नोंदी तपासल्या. चांगल्या दिवसांमागे सर्वाधिक वेळा आढळली ती अर्थपूर्ण कामातली थोडीशी प्रगती. म्हणून 'वायरिंग करायचे' असे न लिहिता 'आज मागचे दोन दिवे लावायचे' असे लिहा. वही ठेवा, दर आठवड्याला त्याच कोनातून फोटो काढा. वायरिंगचा आठवडा फोटोत दिसणार नाही, तो वहीत सापडेल. काम थांबवताना पुढची पायरी लिहून ठेवा, म्हणजे पंधरा दिवसांनी आल्यावर 'कुठे होतो?' यातच रविवार जात नाही. सगळी गाडी एकदम खोलू नका, आणि खोललेले नट-बोल्ट नाव घालून वेगवेगळ्या डब्यांत ठेवा. हे किरकोळ वाटते, पण दोन वर्षांनी निनावी बोल्टांनी भरलेली बादली पाहून भलेभले हात टेकतात.

घरच्यांना खर्च खरा सांगा. लपवलेला खर्च उघडा पडला की घरात रुसवा सुरू होतो, आणि रुसव्यात गॅरेजकडे पाय वळत नाहीत.

आरटीओचा प्रश्न आधी

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नोंदणीला लागणारी उत्पादकाची प्रमाणपत्रे घरी बांधलेल्या गाडीकडे नसतात. जुन्या गाडीतही मूळ रचना मनाप्रमाणे बदलण्यास कलम ५२ आडवे येते. इंजिन बदलायचे तर आधी परवानगी हवी. भंगारातून जीप घेताना म्हणूनच पत्र्याआधी आरसी पाहा. नोंदणी रद्द झाली आहे का, चॅसीवरचा क्रमांक शाबूत आहे का, हे तपासा.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपयांत दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, असेही लिहिले. त्यांनी बदल्यात नवी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. अशी अदलाबदल सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. गाडी फक्त शेतात, अंगणात किंवा प्रदर्शनात चालवायची आहे, असे पहिल्याच दिवशी ठरवले तर पुढचा बराच मनस्ताप टळतो.