गॉर्ट–ट्यूम मोटरवे (एम१७/एम१८)

आयर्लंडच्या पश्चिम भागातील गॉलवे काउंटीत दक्षिणेच्या गॉर्ट गावापासून उत्तरेच्या ट्यूम शहरापर्यंत जाणारा ५७ किमी. लांबीचा चौपदरी महामार्ग. त्याचे कंत्राट एप्रिल २०१४ मध्ये झाले आणि २७ सप्टेंबर २०१७ रोजी तो वाहतुकीस खुला झाला. यातील सुमारे ५३ किमी. रस्त्याला कायद्याने मोटरवेचा दर्जा आहे. उरलेला सुमारे ४ किमी.चा तुकडा म्हणजे ट्यूमचा बायपास, तो साधा चौपदरी राष्ट्रीय रस्ता आहे. अथेनराय गावाजवळ रॅथमॉरिसी येथे हा मार्ग डब्लिन–गॉलवे एम६ मोटरवेला छेदतो. छेदस्थानाच्या दक्षिणेकडील भागाला एम१८ आणि उत्तरेकडील भागाला एम१७ म्हणतात. एकाच कंत्राटात बांधलेल्या रस्त्याला दोन क्रमांक मिळण्याचे कारण जुन्या रस्त्यांत आहे. लिमरिक–गॉलवे हा एन१८ आणि गॉलवे–स्लायगो दिशेचा एन१७, अशा दोन वेगळ्या राष्ट्रीय रस्त्यांची जागा त्याने घेतली.

आयर्लंडमध्ये ‘मोटरवे’ हा कायदेशीर दर्जा आहे. १९९३ च्या रस्ते कायद्यानुसार अशा रस्त्यावर पादचारी, सायकली आणि शिकाऊ परवान्यावरचे चालक यांना मनाई असते, शेजारच्या शेतातून थेट त्यावर येता येत नाही, वेगमर्यादा सामान्यतः ताशी १२० किमी. असते आणि पाट्या निळ्या असतात. पाटीवर गावाचे आयरिश नाव तिरप्या अक्षरांत वर आणि इंग्रजी नाव खाली लिहिलेले असते. देशातला पहिला मोटरवे, म्हणजे एम७ वरचा नेस गावाचा बायपास, १९८३ मध्ये सुरू झाला. पुढची वीस वर्षे मोटरवेंची वाढ तुकड्यातुकड्यांनीच होत राहिली. नोव्हेंबर २००५ मध्ये सरकारने ‘ट्रान्सपोर्ट २१’ ही गुंतवणूक योजना जाहीर केली, तेव्हा तिला खरा वेग आला. डब्लिनला कॉर्क, लिमरिक, गॉलवे आणि वॉटरफर्ड यांच्याशी जोडणारे मोटरवे २०१० च्या अखेरीस पूर्ण झाले. हे सगळे रस्ते राजधानीतून बाहेर पडणारे होते. पश्चिम किनाऱ्यावरची शहरे एकमेकांना जोडण्याचा ‘अटलांटिक कॉरिडॉर’ याच योजनेत होता, तो मात्र मागे पडला. गॉर्ट–ट्यूम हा त्या कॉरिडॉरचा सर्वांत मोठा सलग तुकडा, आणि त्याचे महत्त्व याच पार्श्वभूमीवर समजते.

रखडलेली वर्षे

एम१८ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत आला. एनिसचा बायपास जानेवारी २००७ मध्ये झाला, क्रशीन ते गॉर्ट हा भाग नोव्हेंबर २०१० मध्ये. त्यापुढचा रस्ता गॉर्टपाशी थांबला आणि जवळजवळ सात वर्षे तिथेच थांबून राहिला. मार्ग ठरला होता, आयर्लंडच्या तेव्हाच्या नियोजन मंडळाची, म्हणजे ‘अन बॉर्ड प्लेनॉला’ची, मंजुरी मिळाली होती. पण २००८ च्या आर्थिक पडझडीने बँका बुडीत निघाल्या आणि नोव्हेंबर २०१० मध्ये देशाला युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून मदत घ्यावी लागली. खासगी भांडवलावर बांधायच्या रस्त्यांना कर्ज देणारे उरले नाहीत. जुलै २०१२ मध्ये सरकारने २२५ कोटी युरोंची पायाभूत सुविधा योजना जाहीर केली, तीत गॉर्ट–ट्यूमचे नाव पुन्हा आले. युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेच्या कर्जामुळे इतर सावकारांनाही धीर आला आणि कंत्राटावर सह्या झाल्या.

रस्त्याच्या प्रगतीचा हा भाग छायाचित्रांत दिसत नाही, म्हणून तो बहुतेक वर्णनांतून गळतो. तो गाळणे चूक आहे. यंत्रे जमिनीवर होती ती साडेतीन वर्षांहून कमी काळ. मार्गाचे पर्याय, पर्यावरण अहवाल, जाहीर सुनावणी, सक्तीचे भूसंपादन आणि पैशाची जुळवाजुळव यांत गेलेला काळ त्याच्या कित्येक पट आहे. ज्या शेतकऱ्याच्या शेतातून मार्गाची रेघ गेली होती, त्याने घर बांधावे की नाही, कुरण सुधारावे की नाही, हे प्रश्न त्या सगळ्या वर्षांत टांगणीला होते.

जमीन

या मार्गाखालची जमीन मुख्यतः चुनखडकाची आहे. चुनखडक पाण्यात विरघळतो, त्यामुळे दक्षिण गॉलवेत नद्या मध्येच जमिनीत गडप होतात आणि काही मैलांवर पुन्हा वर येतात. पावसाळी हिवाळ्यात भूजल चढले की खोलगट कुरणांची तळी होतात, उन्हाळ्यात तीच जागा पुन्हा गवताने भरते. अशा हंगामी तळ्यांना तिथे ‘टरलॉख’ म्हणतात. या प्रकारातले आयर्लंडमधील सर्वांत मोठे तळे, रहसेन, याच परिसरात आहे. नोव्हेंबर २००९ च्या पुरात गॉर्टच्या आसपासची घरे आणि रस्ते पाण्याखाली गेले. कवी डब्ल्यू. बी. येट्स जिथे उन्हाळ्यात राहत तो थूर बॅलिलीच्या बुरुजातही तेव्हा पाणी शिरले. २०१५–१६ च्या हिवाळ्यात, म्हणजे ऐन बांधकामाच्या मध्यावर, दक्षिण गॉलवेत पुन्हा तसाच पूर आला.

अशा जमिनीत रस्त्याचे पाणी कुठे सोडायचे हा अवघड प्रश्न असतो. खडकातल्या भेगांतून ते गाळले न जाता थेट भूजलात उतरते, आणि तेच पाणी विहिरींत येते. म्हणून रस्त्याकडेला साठवण तळी बांधून, गाळ व तेल अडवून, मगच पाणी पुढे सोडले जाते. भरावाखाली जुन्या पाणवाटा बुजू नयेत म्हणून मोऱ्या ठेवाव्या लागतात. खडकाखाली पोकळी निघाली तर ती भरायची की तिच्यावरून पूल टाकायचा, हे जागेवरच ठरवावे लागते. गॉलवेच्या सपाटीवर मधूनमधून पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या मातीचे, पट्टेही लागतात. पीटवर भराव टिकत नाही. ती काढून तिथे दगड भरावा लागतो.

चुन्या-मातीशिवाय नुसते दगड रचून घातलेले गडगे हे या मुलखाचे रूप आहे. सीमारेषेवरचे पाडलेले गडगे पुन्हा रचणे हाही रस्त्याच्या कामाचाच भाग ठरतो.

काम कसे पुढे जाते

यंत्रांच्या आधी पुरातत्त्वज्ञ येतात. २००० मध्ये झालेल्या सरकारी कार्यसंहितेपासून प्रत्येक राष्ट्रीय रस्ता प्रकल्पावर पुरातत्त्वज्ञ नेमलेला असतो. संपूर्ण मार्गपट्ट्यात चाचणी चर खणले जातात आणि जिथे काही लागते तिथे पूर्ण उत्खनन होते. हे आधी का उरकायचे, याचे उत्तर मीथ काउंटीतल्या एम३ ने दिले. तिथे २००७ मध्ये, काम सुरू झाल्यावर, लिस्मलिन येथे प्राचीन लाकडी खांबांचे वर्तुळ सापडले आणि ते राष्ट्रीय स्मारक ठरले. तारा टेकडीजवळून जाणाऱ्या त्या रस्त्यावर आधीच मोठा वाद पेटलेला होता. स्मृती जपण्याची दुसरीही एक रीत याच एन१८ वर दिसते. १९९९ मध्ये क्लेअर काउंटीतील लॅटून येथे कथाकथनकार एडी लेनिहान यांनी परींचे मानले जाणारे एक काटेरी झुडूप तोडण्यास जाहीर विरोध केला. अभियंत्यांनी झुडूप राखून रस्ता काढला. हे हास्यास्पद नव्हते. लोकांच्या जमिनीतून जाणाऱ्या रस्त्याने लोकांच्या श्रद्धांनाही विचारात घ्यावे, एवढीच त्यामागची मागणी होती आणि ती रास्त होती.

उत्खननानंतर कुंपण घातले जाते, झाडोरा निघतो, आणि वरची काळी माती सोलून कडेला ढीग लावले जातात. तीच माती शेवटी उतारांवर पसरून तिच्यावर गवत पेरतात. पुढचा टप्पा खोदाई आणि भराव. उंचवट्यातून निघालेले खडक-माती सखल भागाच्या भरावाला पुरावे, बाहेरून आणावे लागू नये, अशा बेताने रस्त्याची पातळी ठरवलेली असते. हिमनद्यांनी मागे टाकलेली चिकणमिश्रित माती भिजली की रोलरखाली दबत नाही, म्हणून मातीकामाचा हंगाम साधारण वसंतापासून शरदापर्यंतचा. चुनखडक सुरुंगाने फोडून, जागेवरच यंत्रात भरडून भरावात वापरता येतो. ही या जमिनीने दिलेली सोय आहे.

काम पाहणाऱ्याला सर्वांत आधी जे उभे दिसते ते रस्ता नसून पूल असतात. गावरस्ते बंद ठेवता येत नाहीत, म्हणून ते आधी पुलावर चढवावे लागतात आणि मगच खालची खोदाई सलग होते. कुरणाच्या मधोमध, आजूबाजूला रस्त्याचा मागमूस नसताना, नवाकोरा पूल उभा असणे हे मोटरवेच्या बांधकामाचे पहिले ठळक लक्षण समजावे. पुलांचे काँक्रीट गर्डर कारखान्यात ओतून ट्रेलरवरून आणतात आणि क्रेनने बसवतात. रॅथमॉरिसीचे काम यात सर्वांत नाजूक होते. तिथे एम६ वर वाहने धावत असतानाच तीन पातळ्यांचा छेद बांधायचा होता: दोन पातळ्यांवर दोन मोटरवे आणि एक पातळी वळणाऱ्या वाहनांसाठीच्या गोल चौकाची.

मातीकाम संपल्यावर दृश्य झपाट्याने पालटते. दाबलेल्या खडीचा थर, त्यावर डांबरी थर, मध्ये काँक्रीटचा दुभाजक, साइडपट्टी, गटारे, पाट्या आणि पांढरे पट्टे. शेवटी सुरक्षा तपासणी. म्हणूनच ‘इतके टक्के काम झाले’ हे वाक्य फारसे काही सांगत नाही. मातीकामाच्या एका ओल्या हंगामाने जेवढे दिवस जातात, तेवढ्या दिवसांत कोरड्या हवेत कित्येक किलोमीटर डांबर पडते. प्रगती मोजायची तर सलग झालेला भराव आणि वाहतूक वळवून मोकळे झालेले चौक मोजावेत.

पैसा आणि कंत्राटदार

हा प्रकल्प सरकारी-खासगी भागीदारीचा. ‘डायरेक्टरूट’ या समूहाने पैसा उभारला आणि रोडब्रिज, सिस्क व लॅगन या कंपन्यांनी बांधकाम केले. एकूण खर्च सुमारे ५५ कोटी युरो सांगितला जातो. रस्त्यावर टोल नाही. रस्ता चांगल्या अवस्थेत वाहतुकीस उपलब्ध ठेवल्याबद्दल सरकार समूहाला २५ वर्षे ठरावीक देयके देते. रहदारी कमी झाली तर तोटा कोणाचा, या टोल-कंत्राटांतल्या नेहमीच्या भांडणाला त्यात जागा नाही. पण देयकांचा भार करदात्यावर पुढच्या पिढीपर्यंत राहतो, हेही तितकेच खरे. बांधणाऱ्या तीन कंपन्यांपैकी लॅगन मार्च २०१८ मध्ये आणि रोडब्रिज मार्च २०२२ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. सरकारच्या बाजूने काम पाहणाऱ्या राष्ट्रीय रस्ते प्राधिकरणाचेही बांधकामादरम्यान, ऑगस्ट २०१५ मध्ये, रेल्वे संस्थेशी विलीनीकरण होऊन ‘ट्रान्सपोर्ट इन्फ्रास्ट्रक्चर आयर्लंड’ झाले.

मार्गाचे उद्घाटन तत्कालीन पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या हस्ते झाले. एप्रिल २०१४ मध्ये कंत्राट झाले तेव्हा तेच वाहतूकमंत्री होते. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण तालुक्यातले वराड. डिसेंबर २०१९ मध्ये लिओ वराडकर कुटुंबासह या गावी येऊन गेले.

परिणाम

क्लॅरिनब्रिज, क्लेअरगॉलवे आणि ट्यूम या कोंडीसाठी कुप्रसिद्ध गावांतून दूरची वाहतूक बाहेर पडली. ट्यूमहून शॅनन विमानतळ आणि लिमरिककडे आता गॉलवे शहराला न शिवता जाता येते. गॉलवे–ट्यूम या जुन्या एन१७ ला आता एन८३ हा क्रमांक आहे. ट्यूमच्या ‘द सॉ डॉक्टर्स’ या बँडने १९८९ मध्ये ‘एन१७’ हे गाणे काढले होते आणि परदेशी गेलेल्या आयरिश तरुणांनी ते घरच्या वाटेचे गाणे मानले. त्यातला रस्ता आता वेगळ्या क्रमांकाने ओळखला जातो.

गॉलवे शहरात रोज कामाला जाणाऱ्यांची कोंडी मात्र या मार्गाने सुटली नाही आणि सुटणारही नव्हती, कारण तो शहराला पूर्वेकडून वळसा घालून जातो. क्लेअरगॉलवेत सकाळ-संध्याकाळच्या रांगा राहिल्या. त्यावरचा उपाय म्हणून पुढे आलेल्या गॉलवे शहर वळणरस्त्याला डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. पण नियोजन मंडळाने त्या वर्षीचा राष्ट्रीय हवामान कृती आराखडा विचारात घेतला नव्हता, म्हणून ती जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयात रद्द झाली आणि प्रकरण फेरविचारासाठी परत गेले. दक्षिणेला कॉर्क–लिमरिक एम२० चे काम २०११ मध्ये थांबवले गेले. त्याचा नवा पसंतीचा मार्ग मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला. या दोन प्रकल्पांवर नजर ठेवू इच्छिणाऱ्याने खोदयंत्रांची वाट पाहू नये, नियोजन यंत्रणेचे निर्णय आणि न्यायालयाचे निकाल आधी वाचावेत. ट्यूमच्या उत्तरेला मोटरवे नाही. तिथून स्लायगोच्या दिशेने पुढे जातो तो जुना एन१७ च.