‘एसीपी प्रद्युम्न’च्या आड राहिलेला अभिनेता

दूरचित्रवाणीवरील एखादी व्यक्तिरेखा इतकी मोठी होते, की ती साकारणाऱ्या कलावंताचे मूळ नावच मागे पडते. अभिनेते शिवाजी साटम यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. ‘सीआयडी’ या मालिकेतील एसीपी प्रद्युम्न म्हणून त्यांना देशभर ओळखले जाते. हवेत बोटे फिरवत ‘कुछ तो गडबड है’ असे पुटपुटणारा हा अधिकारी शाळकरी मुलांच्या नकलांपासून राजकीय व्यंगचित्रांपर्यंत सर्वत्र पोहोचला. मात्र, साटम यांच्या चाहत्यांमध्ये एक वाद वर्षानुवर्षे सुरू आहे. या एका भूमिकेने त्यांना अमाप लोकप्रियता दिली, हे सर्वांना मान्य आहे. पण तिने चित्रपटांतील एका समर्थ चरित्र अभिनेत्याला झाकोळून टाकले का, या प्रश्नावर मात्र एकमत होत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर त्यांच्या चित्रपटांची यादी मालिकेच्या कालखंडाशेजारी ठेवून पाहावी लागते. तसे केल्यास अनेकांचा समज चुकीचा ठरतो.

बँकेतून रंगभूमीकडे

शिवाजी साटम यांचा जन्म २१ एप्रिल १९५० रोजी झाला. ते सेंट्रल बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. मुंबईतील बँकांच्या आंतरबँक नाट्यस्पर्धा हे त्या काळी हौशी कलावंतांचे मोठे व्यासपीठ होते. दिवसा खातेवही आणि संध्याकाळी तालीम, असा दिनक्रम असणाऱ्या एका संपूर्ण पिढीचे साटम हे प्रतिनिधी. अशाच एका स्पर्धेतील त्यांचे काम ज्येष्ठ अभिनेते बाळ धुरी यांच्या नजरेस पडले आणि ‘संगीत वरद’ या नाटकाच्या निमित्ताने त्यांना व्यावसायिक रंगभूमीचे दार उघडले.

पुढे दूरदर्शनच्या काळात त्यांनी मालिकांत भूमिका केल्या. त्यांतील ‘एक शून्य शून्य’ ही मराठी मालिका या वाटचालीतील महत्त्वाचा टप्पा ठरली. पोलिसांच्या दूरध्वनी क्रमांकावरून नाव घेतलेल्या या गुन्हेविषयक मालिकेने साटम आणि दिग्दर्शक बी. पी. सिंह यांना एकत्र आणले. मुंबई दूरदर्शनवरील या मराठी मालिकेतच पुढच्या ‘सीआयडी’चे बीज होते, असे म्हणता येईल. हिंदी प्रेक्षकांना भेटण्यापूर्वी मराठी प्रेक्षकांनी साटम यांना तपास अधिकाऱ्याच्या रूपात पाहिले होते.

वीस वर्षांची सेवा

‘सीआयडी’चे प्रसारण २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर सुरू झाले. साटम त्या वेळी ४७ वर्षांचे होते. आदित्य श्रीवास्तव (अभिजीत), दयानंद शेट्टी (दया), नरेंद्र गुप्ता (डॉ. साळुंखे) आणि दिनेश फडणीस (फ्रेडरिक्स) यांच्यासह जमलेला हा संच घराघरांत पोहोचला. सुरुवातीच्या काळात आशुतोष गोवारीकरही या मालिकेत होते. ७ नोव्हेंबर २००४ रोजी सलग १११ मिनिटांचा, एकाच दृश्यात चित्रित केलेला ‘द इनहेरिटन्स’ हा भाग प्रसारित झाला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. कॅमेरा मध्ये कुठेही न थांबवता पावणेदोन तासांहून अधिक काळ संवाद, हालचाली आणि जागा सांभाळणे, ही रंगभूमीवर घडलेल्या नटांची कसोटीच होती.

वास्तवाशी या मालिकेचे नाते अर्थातच सैल होते. महाराष्ट्रात सीआयडी ही राज्यस्तरीय यंत्रणा असून तिचे मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईतील मोठ्या गुन्ह्यांचा तपास सामान्यतः शहर पोलिसांची गुन्हे शाखा करते. शिवाय राज्य पोलीस सेवेतील अधिकारी ५८व्या वर्षी निवृत्त होतो. प्रद्युम्न मात्र ती मर्यादा ओलांडून खुर्चीवर कायम राहिले. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी मालिकेचे पहिले पर्व संपले, तेव्हा १५४७ भाग पूर्ण झाले होते आणि साटम यांनी वयाची ६८ वर्षे ओलांडली होती. प्रेक्षकांनी या विसंगतीबद्दल कधी तक्रार केली नाही. त्यांना तपशिलापेक्षा आश्वासन हवे होते. गुन्हा कितीही गुंतागुंतीचा असो, तासाभरात त्याचा उलगडा होईल आणि दोषीला शिक्षा मिळेल, हे ते आश्वासन.

पडद्यावरचा हतबल बाप

चित्रपटांतील साटम मात्र याच्या अगदी उलट होते. तिथे त्यांच्या हाती ना पिस्तूल होते, ना अधिकार.

विजया मेहता यांच्या ‘पेस्तनजी’ (१९८८) या चित्रपटातील छोट्या भूमिकेनंतर त्यांना खऱ्या अर्थाने हिंदी प्रेक्षकांसमोर आणले ते १९९७ साली प्रदर्शित झालेल्या ‘गुलाम-ए-मुस्तफा’ने. पार्थो घोष दिग्दर्शित या चित्रपटात नाना पाटेकर यांच्या गुंड मुस्तफासमोर साटम यांनी दयानंद दीक्षित हा पापभीरू गृहस्थ उभा केला. पुढील सर्व भूमिकांचा साचा येथेच दिसतो. हा माणूस प्रामाणिक आहे, संसाराच्या ओझ्याने वाकलेला आहे आणि त्याला आपली असहायता लपवताही येत नाही.

‘सीआयडी’ला सुरुवात होऊन पावणेदोन वर्षे झाली असताना, ऑक्टोबर १९९९मध्ये महेश मांजरेकर यांचा ‘वास्तव’ प्रदर्शित झाला. गुन्हेगारीत ओढला गेलेला रघू म्हणजे संजय दत्त. त्याचे आईवडील होते रीमा लागू आणि शिवाजी साटम. साटम हे संजय दत्त यांच्यापेक्षा अवघ्या नऊ वर्षांनी मोठे. रीमा लागू यांचे अंतर तर जेमतेम वर्षाचे. तरीही चाळीतल्या त्या खोलीत हे नाते कुठेही खोटे वाटत नाही. मुलाच्या हाती पैसा आणि हत्यार आलेले पाहून गप्प बसणारा, चिडणारा आणि तरीही घराबाहेर काढू न शकणारा बाप साटम यांनी फार थोड्या संवादांतून दाखवला. गिरणगावातील आणि लालबाग-परळच्या चाळींतील अनेक कुटुंबांना हा बाप ओळखीचा वाटला असेल.

पुढच्याच वर्षी मांजरेकरांच्या ‘निदान’ (२०००) या चित्रपटात हीच जोडी पुन्हा आली. रक्तसंक्रमणातून एचआयव्हीची बाधा झालेल्या तरुण मुलीचे हे आईवडील. त्या काळी या आजाराभोवती भीती आणि लाजेचे दाट सावट होते. अशा विषयावर मध्यमवर्गीय मराठी घराच्या अंगाने चित्रपट काढणे धाडसाचे होते. ‘वास्तव’मधील बाप मुलाच्या दुष्कृत्यापुढे हरतो, तर येथे तो काहीही चूक नसताना हरतो. शंकर यांच्या ‘नायक’मध्ये (२००१) ते नायिकेचे वडील होते. मुलीसाठी स्थिर सरकारी नोकरी असलेला जावई हवा, हा त्यांचा आग्रह कथेला वळण देतो.

म्हणजेच, आठवड्याच्या शेवटी घरातल्या पडद्यावर सर्व प्रश्नांची उत्तरे असलेला हा माणूस चित्रपटगृहात मात्र एकाही प्रश्नाचे उत्तर नसलेला बाप होता. विशेष म्हणजे मालिकेनेही हा धागा उचलला. पोटचा मुलगा नकुल गुन्हेगार निघाल्यावर प्रद्युम्न त्याच्यावर गोळी झाडतात, ही घटना मालिकेच्या नियमित प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. ‘वास्तव’मध्ये मुलावर गोळी झाडण्याचे काम आईच्या वाट्याला येते. दोन्ही ठिकाणी साटम यांनी साकारलेल्या बापाचा मुलगा हातून निसटतो. एकीकडे अधिकारी कर्तव्य बजावतो, दुसरीकडे बाप नुसता पाहत राहतो. अभिनेता एकच आहे, दुःखही एकच आहे. फरक आहे तो केवळ हाती असलेल्या अधिकाराचा.

मराठी चित्रपटांनी दिलेला अवकाश

हिंदीने साटम यांना बाप दिला. मराठीने त्यांना नायक केले. बिपिन नाडकर्णी यांचा ‘उत्तरायण’ (२००४) हा त्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा चित्रपट. जयवंत दळवी यांच्या ‘दुर्गी’ या नाटकावर आधारलेल्या या कथेत उतारवयातील एकटा पुरुष आणि त्याची तरुणपणीची मैत्रीण पुन्हा भेटतात. नीना कुलकर्णी यांच्यासमवेत साटम यांनी रंगवलेले हे उशिराचे प्रेम कुठेही भावविवश होत नाही. ५२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये ‘उत्तरायण’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. ज्या वर्षी ‘सीआयडी’ने विक्रम केला, त्याच वर्षीचा हा चित्रपट, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

‘दे धक्का’मध्ये (२००८) त्यांनी मकरंद अनासपुरे, सिद्धार्थ जाधव यांच्यासह प्रवासाला निघालेल्या कुटुंबातील तऱ्हेवाईक आजोबा साकारले आणि आपल्याला विनोदाचे अंगही आहे, हे सिद्ध केले. दोन वर्षांनी त्यांचे चिरंजीव अभिजित साटम यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘हापूस’मध्ये (२०१०) ते कोकणातील आंबा बागायतदाराच्या भूमिकेत दिसले. शहरी प्रेमिक, ग्रामीण आजोबा आणि कोकणी बागायतदार ही तीन माणसे एकमेकांसारखी नाहीत आणि तिघांपैकी कोणीही प्रद्युम्न नाही.

वादाचा निवाडा

मालिकेने चित्रपटांची कारकीर्द गिळली, असे मानणाऱ्या चाहत्यांचा युक्तिवाद येथे अडखळतो. साटम यांच्या लक्षणीय भूमिकांपैकी बहुतेक १९९८ ते २०१० या काळातल्या, म्हणजे मालिका ऐन भरात असतानाच्या आहेत. मालिकेने काम हिरावले नाही. नियमित उत्पन्न देणारी मालिका हाती असल्याने मोजक्या चित्रपटांची निवड करणे सोपे झाले असावे, हा दुसऱ्या बाजूच्या चाहत्यांचा तर्क अधिक पटण्याजोगा वाटतो.

तरीही पहिल्या बाजूची खंत निराधार नाही. मालिकेने हिरावली ती प्रेक्षकांची स्मरणशक्ती. मराठीला हा अनुभव नवा नाही. खलनायकी सरपंच म्हणून निळू फुले यांची प्रतिमा इतकी पक्की झाली, की ‘सिंहासन’मधील (१९७९) त्यांचा पत्रकार दिगू टिपणीस रसिकांना पुनःपुन्हा आठवून द्यावा लागतो. लोकप्रिय प्रतिमा नटाला मारत नाही. मात्र त्याच्या इतर कामावर ती पडदा टाकते.

या प्रतिमेची ताकद २०२५मध्ये पुन्हा दिसली. २१ डिसेंबर २०२४ रोजी मालिकेचे नवे पर्व सुरू झाले, तेव्हा साटम ७४ वर्षांचे होते. एप्रिल २०२५मध्ये कथेत एसीपी प्रद्युम्न यांचा स्फोटात मृत्यू दाखवण्यात आला आणि पार्थ समथान यांच्या रूपाने नवा एसीपी आला. चाहत्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. अनेकांना तर घरातील वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. त्यानंतर लवकरच प्रद्युम्न कथेत परतले.

घरातले वडीलधारे माणूस, हीच या साऱ्या वादाची किल्ली आहे. प्रेक्षकांनी प्रद्युम्न यांच्यावर प्रेम केले ते त्यांच्या तर्कबुद्धीपेक्षा त्यांच्या वडीलकीमुळे. दया आणि अभिजीतवर ओरडणारा आणि त्यांच्यासाठी जीव टाकणारा हा अधिकारी मुळात बापच होता. तो बाप साटम यांना चित्रपटांत, चाळीतल्या खोल्यांत आणि त्याही आधी बँकेतल्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यांत गवसलेला असणार. ‘सीआयडी’चे भाग पुनःपुन्हा पाहणाऱ्या चाहत्याने एखाद्या संध्याकाळी ‘उत्तरायण’ पाहिला, तर त्याला नवा अभिनेता भेटणार नाही. जुन्याच ओळखीच्या माणसाची आजवर न पाहिलेली बाजू तेवढी दिसेल.