विसावं जनुक

'मी कोण?' हा आम्हा तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा जुना प्रश्न. पण आपलं शरीरही तो क्षणोक्षणी सोडवत असतं. समोरची पेशी आपली की परकी? हे उत्तर चुकलं की शरीर स्वतःवरच उलटतं. या चुकीचा शोध कसा लागला, ते आज पाहू.

सुरुवात जर्मनीत. १९०० च्या सुमारास पाउल एर्लिख आणि युलियुस मॉर्गेनरोथ यांनी बकऱ्यांना दुसऱ्या बकऱ्यांचं रक्त टोचलं. त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली, पण स्वतःच्या रक्ताविरुद्ध होईनात. एर्लिखनं याला लॅटिन नाव दिलं, 'हॉरर ऑटोटॉक्सिकस', म्हणजे स्वतःला विष देण्याची धास्ती. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की शरीरात असं काही रोखणारी व्यवस्था असली पाहिजे. पुढच्यांनी त्याचा अर्थ घेतला, 'असं घडतच नाही'! १९०४ साली डोनाथ आणि लांडश्टायनर यांनी एका रक्तविकारात ते घडतं हे दाखवूनही दिलं. तरी पन्नासेक वर्षं फार कुणी मनावर घेतलं नाही. वचन मोठ्या माणसाचं असलं, की पुरावा ताटकळत बसतो.

आता अमेरिकेत जाऊ. ओक रिज हे अणुबॉम्बसाठी वसवलेलं गाव. तिथे किरणोत्साराच्या अभ्यासासाठी उंदीर पाळले होते. १९४९ मध्ये काही नर पिल्लांच्या कातडीला खपल्या धरू लागल्या, प्लीहा सुजली, आणि काही आठवड्यांतच ती मेली. माद्या मात्र ठणठणीत. म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावर होता. मादीजवळ दुसरी धड प्रत असते, नराजवळ नसते.

तो दोष नेमका कुठे? मेरी ब्रंको आणि फ्रेड राम्सडेल यांनी नव्वदच्या दशकात शोध घेत घेत वीस जनुकांपर्यंत मजल मारली. एकोणीस निर्दोष निघाली. विसाव्यात बिघाड सापडला. ते 'फॉक्सपी३'. २००१ साली कळलं, की याच जनुकातल्या बिघाडानं काही मुलग्यांना 'आयपेक्स' हा अतिदुर्मिळ आजार होतो. तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब, इसब. तिकडे जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्येच प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या टी पेशी दाखवल्या होत्या. २००३ मध्ये दुवा जुळला: त्या पेशी घडवणारं जनुक हेच! एर्लिखनं जिच्याबद्दल तर्क केला, त्या व्यवस्थेचा एक मोठा भाग शंभर वर्षांनी हाती आला. २०२५ चं नोबेल या तिघांना मिळालं.

आता कुणी म्हणेल, इतक्या विरळ आजाराचा आपल्याला काय उपयोग? असं बघा, घड्याळाचं एकच चाक मोडलं, तर त्या चाकाचं काम काय होतं ते कळतं. संधिवातासारख्या नेहमीच्या आजारांत अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो, शिवाय परिस्थितीचाही. एकसारख्या जुळ्यांतही एकाला झाला म्हणून दुसऱ्याला होतोच असं नाही. तिथे एकेक चाक ओळखणं कठीण. ते विरळ घरांनी दाखवलं.

आणि जाता जाता एक गोष्ट. आयपेक्सचं जनुक बहुधा आईकडून येतं. मूल आजारी पडलं, की बोट आधीच तिच्याकडे वळतं. आता विज्ञानाचाही हवाला मिळाला असं कुणाला वाटेल. पण आमच्या शास्त्रात कारण वेगळं आणि अपराध वेगळा. जे माहीत नव्हतं, निवडलं नव्हतं, त्याचा अपराध कसला? जनुक कळलं की निदान लवकर होतं, अस्थिमज्जा बदलण्याचा विचार वेळेत करता येतो, पुढच्या बाळंतपणाआधी सल्ला घेता येतो. कारण शोधायचं ते एवढ्यासाठी.

इथे थांबू. तुमचे प्रश्न घेऊ.