आनंदीबाईंचा मुक्काम

परमुलुखात एकटीने जायचे ठरले की स्त्रीपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाचा. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी आपण बोलतो ते समुद्रगमन आणि पदवी या दोन टोकांवरून. मधली घरे आपल्या वाचनातून निसटतात.

१८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा वय अठरा, आणि घरचे कोणीही सोबत नव्हते. त्यांनी आधी शहर निवडले नव्हते, माणूस निवडले होते. न्यू जर्सीतील रोसेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी १८८० पासून पत्रव्यवहार होता. न पाहिलेल्या त्या बाईंना आनंदीबाई 'मावशी' म्हणत. हा निव्वळ लाडिकपणा होता, असे आम्हांस वाटत नाही. बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत 'हिंदू म्हणूनच परत येईन' अशा आशयाचे जाहीर वचन देऊन आलेल्या मुलीला आपले शाकाहारी अन्न शिजवता येईल अशी चूल हवी होती. ती भाड्याने थोडीच मिळते! त्यासाठी कुणाच्या तरी घरात नात्यानेच शिरावे लागते.

फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतल्यावर मात्र खोलीत राहणे आले. तिथली शेगडी पेटवली तर धूर कोंडे, न पेटवावी तर थंडी. पुढच्या क्षयाचे खापर एका खोलीवर फोडणे सोपे आहे. तेवढा पुरावा आमच्यापाशी नाही. मात्र पदवी मिळवतानाचे हे हिवाळे कसे गेले, हे वर्गात शिकवताना सांगायलाच हवे.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली.