उजेडाचा कोन आणि परवानगीची मुदत : मुंबईतील मध्यम उंचीच्या वस्तीचा इतिहास

स्वतंत्र बंगला आणि गगनचुंबी मनोरा या दोन टोकांच्या मध्ये तीन-चार मजल्यांच्या, मजल्यामागे दोन-चार बिऱ्हाडांच्या इमारतींची जी वस्ती असते, तिला नगररचनेच्या परिभाषेत मध्यम घनतेची वस्ती म्हणतात. घनता म्हणजे ठरावीक क्षेत्रफळाच्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण. मुंबईत अशा वस्तीचा उत्तम नमुना दादर-माटुंगा परिसरात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभा राहिला. त्याचा इतिहास पाहताना दोन प्रश्न सतत पुढे येतात: घराभोवती किती जागा मोकळी सोडावी, आणि बांधकामाची परवानगी किती दिवसांत मिळावी.

यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी दिले गेले. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमानुसार घर बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांना तशी नोटीस द्यावयाची होती, आणि तीस दिवसांत आयुक्तांनी नापसंती कळवली नाही तर त्याला काम सुरू करण्याची मुभा होती. म्हणजे विलंबाचा भुर्दंड अर्जदारावर पडू नये, ही जाणीव त्या कायद्यातच होती. उणीव होती ती इमारतीच्या रचनेवरील निर्बंधांत. गिरगाव, मांडवी, भुलेश्वर या भागांत घरे एकमेकांना खेटून चढत गेली, दोन घरांमध्ये मैला आणि सांडपाणी वाहून नेण्यापुरती हाऊसगल्ली उरली, आणि खोल इमारतींच्या पोटातील कित्येक खोल्यांना बाहेर उघडणारी एकही खिडकी राहिली नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले आणि या बांधणीचे परिणाम सरकारला दुर्लक्षिता येईनात. रोगाचे मूळ दूषित हवेत आणि अंधारात आहे, अशी त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांची समजूत होती. उंदरांवरील पिसवांचा संबंध सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. कारणमीमांसा अपुरी असली तरी तिच्यातून निघालेली मागणी योग्यच होती, कारण कोंदट, काळोख्या खोल्यांत क्षयासारखे रोगही बळावत होते. १८९८ मध्ये कायद्याने मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्यांतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रस्ते काढणे, अनारोग्यकारक घरे पाडणे आणि शहराच्या उत्तरेस नव्या वसाहती आखणे, ही कामे तिच्याकडे आली.

खोलीला पुरेसा उजेड म्हणजे किती, हे मोजण्याचे साधन ट्रस्टने कोनाच्या रूपाने पुढे आणले. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतील घरांच्या उजेड-हवेवर दिलेल्या व्याख्यानात त्याची सविस्तर मांडणी केली. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढली, तर ती जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करणारी नसावी, असा हा नियम होता. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यातही इमारतीच्या मागील बाजूसाठी हाच कोन होता. भूमितीच्या हिशेबाने याचा अर्थ असा की समोरची इमारत मधल्या अंतराच्या दुपटीहून उंच असता कामा नये: ती चाळीस फूट उंच असेल, तर मध्ये किमान वीस फूट मोकळी जागा हवी. या नियमाचे मोठे बळ असे की तो कोणालाही नकाशावर पट्टी आणि कोनमापक ठेवून पडताळता येत होता. घरमालक, आराखडा काढणारा आणि तो तपासणारा, तिघांसमोर एकच रेषा होती.

या नियमाला प्रशस्त वाव मिळाला तो १८९९-१९०० च्या सुमारास आखलेल्या दादर-माटुंगा आणि शीव-माटुंगा योजनांत. आधी रस्ते, गटारे व बागा आखून मग भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यात आले, आणि इमारतीची उंची, मोकळी जागा व वापर यांविषयीच्या अटी पट्ट्यातच घातल्या गेल्या. भूखंड घेणाऱ्याला काय बांधता येईल हे पहिल्या दिवसापासून ठाऊक असे. अभियंता मंचेरजी जोशी यांच्या प्रयत्नांनी १०३ भूखंड पारशी कुटुंबांसाठी राखले गेले आणि पारशी कॉलनी वसली. शेजारी हिंदू कॉलनी वाढली, तर माटुंग्यात नोकरीसाठी आलेली दक्षिण भारतीय कुटुंबे स्थिरावली. एका बिऱ्हाडाच्या बंगल्याला लागणारा खर्च या पगारदार वर्गाला परवडणारा नव्हता, आणि चाळीतील सामाईक नळ व संडास त्याला नको होते. त्यातून स्वयंपूर्ण फ्लॅट रूढ झाला: दोन-तीन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, आणि शौचालयही घराच्या आतच. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना जपणाऱ्या घरांना हा बदल सहज पचला नाही, परंतु गटारांचे जाळे आणि बाहेरच्या भिंतीवर उघडणाऱ्या झडपा यांमुळे तो शक्य झाला.

या यशाला मर्यादाही होत्या, आणि त्या लपवून हा इतिहास सांगता येत नाही. ट्रस्टच्या पाडापाडीत बेघर झालेले बहुसंख्य लोक गरीब होते, तर दादरचे भूखंड मध्यमवर्गाच्या हाती गेले. ट्रस्टने कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब अनेक वर्षे राहिले. पण विस्थापितांच्या मानाने ही घरे थोडी होती, आणि उजेडाचा जो हक्क दादरला मिळाला तो गिरणगावाला मिळाला नाही.

स्वातंत्र्यानंतर मोजमापाचे परिमाण बदलले. १९६४ च्या विकास नियमांत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे सर्व मजल्यांच्या एकूण बांधकामाचे भूखंडाच्या क्षेत्रफळाशी असलेले गुणोत्तर, केंद्रस्थानी आले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ ने साठ दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाली असे मानण्याची तरतूद केली. मोकळ्या जागेचे नियम कायम राहिले, मात्र त्यांतील तूट अधिमूल्य भरून माफ करून घेण्याची वाट रुळली. कोनाच्या नियमातून शेजाऱ्याच्या खिडकीचे रक्षण होत होते. निर्देशांक मात्र मालकाच्या बांधकामहक्काचा हिशेब सांगतो, आणि अधिमूल्याची रक्कम सरकारी तिजोरीत जमा होते, ज्याचा उजेड गेला त्याच्या हाती काही पडत नाही.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागासाठी डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने छोट्या बांधकामांसाठी जलद मार्ग खुला केला. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमात बसणारा आराखडा सादर करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी ठरते, आणि १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांसाठी दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. छोट्या गावातील शिक्षकाला किंवा दुकानदाराला कचेरीचे हेलपाटे घालावे लागू नयेत, हा तिचा हेतू स्वागतार्ह आहे. तथापि १८८८ ची तीस दिवसांची मुदत मांडवीच्या काळोख्या खोल्या रोखू शकली नाही, कारण तिच्यामागे नेमका नियम नव्हता. आणि दादरची घरे आजही उजेडाची आहेत, कारण काय मोकळे राहिलेच पाहिजे हे तेथे आधीच, मोजता येईल अशा शब्दांत आणि पैशाने न सुटणाऱ्या अटीत लिहिलेले होते. कचेरीची तपासणी जितकी कमी होते, तितकी नियमाच्या स्पष्टतेची जबाबदारी वाढते. म्हणून जलद परवानगीच्या प्रत्येक सुधारणेने आपली कसोटी दिवसांच्या संख्येबरोबरच शेजारच्या घरात शिल्लक राहिलेल्या उजेडावरही लावून घेतली पाहिजे.