जमिनीचा विद्युतरोध मोजून भूकंप आधी कळतो का?
१९६६ च्या शिंगताई भूकंपानंतर चीनने जमिनीची रोधकता सतत मोजायला सुरुवात केली. पद्धत सोपी आहे: एका रेषेत चार इलेक्ट्रोड पुरायचे, बाहेरच्या दोनमधून करंट सोडायचा, आतल्या दोनमध्ये व्होल्टेज मोजायचं. खडकाला भेगा पडून त्यात पाणी शिरलं की रोधकता घटते.

१९७६ च्या तांगशान भूकंपाआधीच्या नोंदींत अशी घट होती. तरीही शहराला इशारा मिळाला नाही, दोन लाखांहून जास्त माणसं गेली.

का? मी ऑन-कॉल असताना खोटे अलर्ट खूप बघतो, इथेही अडचण तीच. पाऊस, विहिरींचा उपसा, गंजलेला इलेक्ट्रोड यांनीही आकडा हलतो. म्हणून आलेख खाली गेला तर आधी पावसाची नोंद बघायची. नुसत्या रोधकतेवरून भूकंपाची वेळ आजही सांगता येत नाही.